वाकड्या खाडीतली मोजणी

२१ सप्टेंबर, रविवार

आला फोटो! हिवाळ्याच्या अंधारानंतर वाकड्या खाडीवर ऊन पडलं आणि उपग्रहाला दिसलं.

खाडीचं खरं नाव लांबलचक इंग्रजी, माझ्या जिभेवर बसत नाही. नकाशात ती वाकड्या बोटासारखी दिसते म्हणून मी वाकडी म्हणतो. आता माझी पोर तृप्तीही तेच म्हणते. अंटार्क्टिकाच्या काठावरची जागा. सगळ्यात मोठ्या जातीचे पेंग्विन — सम्राट म्हणतात त्यांना — तिथे अंडी घालतात. जमिनीवर नाही, गोठलेल्या समुद्रावर. तेही ऐन हिवाळ्यात! मादी अंडं नराच्या पायांवर ठेवून समुद्रात चरायला जाते, आणि नर दोन महिने उपाशी उभा. तृप्तीने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हटलं होतं, हे असलं कुणी ठरवलं?

माझं काम मोजायचं. फोटोत एकटा पक्षी नीट दिसत नाही, पण घोळके दिसतात आणि विष्ठेचा तपकिरी डाग दिसतो. ती तिकडे परदेशात मोजते, मी इकडे जालन्यात, एकमेकांचा आकडा न बघता. आमच्या बियाण्याच्या प्रयोगशाळेत असंच चालतं. मी एकदा मोजतो, पुष्पाबाई एकदा मोजतात, चिठ्ठ्या पालथ्या ठेवायच्या आणि दोन्ही टेबलावर आल्यावरच उलटायच्या. फार फरक पडला तर तिसरा मोजतो. तृप्तीच्या संशोधन गटातही दोन मोजणारे लागतात. दुसरा म्हणून पोरीने बापाचं नाव दिलं! एकतीस वर्षं बियाण्याची उगवण मोजली म्हणून माझा डोळा त्यांना चालला. एरवी मला विचारतं कोण.

माझे घोळके त्रेचाळीस, तिचे बेचाळीस. जुळलं.

२४ सप्टेंबर, बुधवार

हरभऱ्याच्या बियाण्याचा एक लॉट उगवणीत त्र्याऐंशी टक्क्यांवर आला. नियमाला पंच्याऐंशी लागतात.

जुगलकिशोर शेठ स्वतः खाली आले. कंपनी त्यांची, पण प्रयोगशाळेत चप्पल काढून येतात, हे मानलं पाहिजे. ‘काकासाहेब, दोन टक्क्याची तर बात आहे. करून टाका बराबर.’

मी म्हटलं, ‘शेठ, दोन टक्के काय मी उगवून आणू?’

हसले. ‘मालूम होतं मला,’ म्हणाले, आणि गेले. माणूस वाईट नाही. वर्षातून दोनदा विचारतात, मी दोनदा नाही म्हणतो. दोघांनाही सवय झाली आहे.

पुष्पाबाई म्हणाल्या, ‘सर, एक डाव तरी तुमचा हात ढिला पडू द्या की.’ मी म्हटलं, आकडा माझा नाही, बियाचा आहे. असं बोलून दिवसभर स्वतःवर खूश होतो. गर्विष्ठ माणूस!

५ ऑक्टोबर, रविवार

माझे चव्वेचाळीस, तिचेही चव्वेचाळीस. बर्फ धरून आहे.

तो डिसेंबरच्या मध्यापर्यंत टिकला पाहिजे. बस, एवढीच मागणी. पिल्लाच्या अंगावर करडी लव असते, कापसासारखी. पाण्यात पडलं की ती भिजते, पिल्लू गारठतं आणि बुडतं. पोहायची पिसं डिसेंबरात येतात. पूर्वी बर्फ टिकायचा. आता समुद्र गरम झालाय. बर्फ उशिरा धरतो, पातळ धरतो, लवकर सुटतो. गेल्या वर्षी पाच नोव्हेंबरला सुटला. वाकडीत त्या साली एकही पिल्लू मोठं झालं नाही.

जानेवारीत तृप्ती घरी आली आणि मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपली. महिनाभर. मी ताट ठेवायचो, तसंच उचलायचो. एकदा म्हणाली, ‘बाबा, जेवून तरी काय करायचं?’ सत्तावीस वर्षांची पोर! तिची आई, मालन, असती तर तिच्याजवळ जाऊन पडली असती, काही न बोलता. मला ते येत नाही. मी दारात उभा राहायचो. मालनच्या शेवटच्या आजारात तृप्तीला परदेशातून वेळेवर पोचता आलं नाही, आणि त्यानंतर तिने सगळा जीव या एका खाडीत ओतला. आता तीही अशी.

ते पुन्हा बघायची माझ्यात ताकद नाही. खरंच नाही.

६ ऑक्टोबर

नळाला पाणी आलं, दहा दिवसांनी. दुसरं काही नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

ढग. फोटो नाही.

तृप्ती अंटार्क्टिकातल्या तळावर पोचली. या वर्षी पहिल्यांदाच. फोनवर आवाज दोन क्षण उशिरा येतो, त्यामुळे आम्ही सारखे एकमेकांच्या बोलण्यावर बोलतो. ‘चार वर्षं फोटोतच बघून राह्यले बाबा. वाकडी इथून दीडशे किलोमीटर हाय. एकदा डोळ्यानं बघायची.’

‘अंगात गरम काही घातलंस का?’ मी विचारलं. अंटार्क्टिकात गेलेल्या पोरीला! हसली. फार दिवसांनी.

१९ ऑक्टोबर, रविवार

दोघांचे चव्वेचाळीस.

खाडीच्या तोंडाशी एक बारीक रेघ दिसते, केसासारखी. मागच्या फोटोत नव्हती. मी तिला त्याबद्दल लिहिलं नाही. तिनेही मला लिहिलं नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार

पुष्पाबाईंना फोटो दाखवला. बावीस वर्षं शेजारच्या स्टुलावर बसून बी मोजतात, नजर माझ्यापेक्षा चांगली. ‘ही भेग हाय सर.’

‘हो.’

‘मंग पिल्लं कुठं जातील?’

‘कुठंच नाही.’

‘कुणी उचलून दुसरीकडं नेत न्हाई का?’ मी नाही म्हटलं. तशा चिडल्या माझ्यावरच, जणू टेम्पो पाठवणं माझ्या हातात होतं.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. दोन पणत्या लावल्या. तृप्तीचा फोन लागला नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

सुटला.

आधी वाटलं फोटो चुकीचा आला. खाडी काळी. पांढऱ्यावर काळं बघायची सवय, आज काळ्यावर पांढरे तुकडे. एक मोठा हिमनग तोंडाशी तळाला टेकून अडकलाय आणि त्याच्यामागे बर्फाची अरुंद पट्टी उरली आहे. पिल्लं असली तर तिथेच.

चौकटी पाडून बघितलं. उभं, आडवं, तीन वेळा. पट्टीवर काळपट खुणा आहेत, नऊ. पण त्या सावल्या आहेत, बर्फाच्या उंचवट्यांच्या. सगळ्या एकाच बाजूला पडल्या आहेत, उन्हाच्या उलट. सावली आणि घोळका यातला फरक मला झोपेतही कळेल. तपकिरी डाग कुठेच नाही.

शून्य. अडीच-तीन महिन्यांची पिल्लं, हजारो, चार-सहा दिवसांत.

चिठ्ठीवर शून्य लिहिलं. तृप्तीला पाठवलं नाही. मोबाइल स्वयंपाकघरात ठेवून आलो आणि इथे बसून रडलो. साठीला आलेला माणूस! थोडं त्या पिल्लांसाठी, जास्त तृप्तीसाठी. सलग दुसरं वर्ष शून्य. ती हजारो कोसांवर, बर्फात, आणि तिच्या दारात उभं राहायला मीही नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी तिचा मेसेज: ‘बाबा, माझी मोजणी झाली. तुमची झाली की पाठवा. घाई न्हाई.’

घाई नाही! ती असं कधी लिहीत नाही. वाटलं, तिनेही शून्यच लिहिलं आहे आणि आता पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली आहे. मग वाटलं, नसेलही. डोळे थकले असतील, सावल्यांना घोळके समजली असेल. तसं असेल तर तो आनंद मी कशाला हिसकावू? आणि शून्य असेल, तर माझ्या आकड्याने निदान तिसऱ्या माणसाची मोजणी होईपर्यंत आठ-पंधरा दिवस तरी ती उभी राहील.

जेवणाच्या सुट्टीत, रोपं ठेवायच्या दमट खोलीत उभा राहून नऊ लिहिला आणि पाठवला.

तासाभराने आलं: ‘माझे आठ. जुळलं.’

२८ ऑक्टोबर, मंगळवार

तिचे आठ!

काल घरी आल्यापासून फोटो समोर आहे. मी खोटं लिहिलं आणि ते खरं निघालं की काय? तिची नजर तरुण. तिच्याकडचा पडदा मोठा. चौथी खूण जरा गोल आहे. सातवीच्या कडेला तांबूस झाक आहे — किंवा मला हवी आहे म्हणून आहे.

आमच्या तक्त्यात एक रकाना असतो: ताजं, पण न उगवलेलं. बी फुटलेलं नसतं, पण चिमटीत दाबलं तर टणक लागतं. त्याला मेलेल्यात धरत नाहीत. मी त्या नऊ खुणा मनातल्या मनात त्या रकान्यात टाकल्या आणि जरा बरं वाटलं. त्या रकान्याचा असा उपयोग मराठवाड्यात दुसऱ्या कुणी केला नसेल.

२ नोव्हेंबर, रविवार

ढग. बरं झालं! ढगांना बरं म्हणायची पहिलीच वेळ.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

तृप्तीचा फोन. खुशीत होती. निदान आवाज तरी तसा. ‘बाबा, आमच्या गटाच्या मोठ्या बाईंनी हेलिकॉप्टर वाकडीला न्यायचं ठरवलं. बर्फ गेल्यावर पिल्लं हिमनगाच्या मागं सरकून वाचली असतील, तर हे बघायलाच पाह्यजे म्हणून राह्यल्या.’

हंगामात जीवशास्त्राच्या लोकांना एकच उड्डाण मिळतं, हे तिनेच मला सांगितलं होतं. ते पूर्वेकडच्या पेंग्विनांच्या वसाहतीसाठी ठेवलेलं. तिथला बर्फ अजून शाबूत आहे. दर साली तिथली पिल्लं तोलतात, खुणा लावतात, दहा वर्षांपासून. विचारलं, ‘आणि पूर्वेचं?’

‘ते या साली राहील.’

‘अगं, दुसरा फोटो तरी येऊ दे.’

‘ढग हटूनच न्हाई राह्यले बाबा. अन् आपल्या दोघांचे आकडे जुळलेत ना.’

‘गरम घालून जा,’ म्हटलं.

९ नोव्हेंबर, रविवार

ढगच. ‘तृप्ती, माझा आकडा’ इतकं टाइप केलं आणि खोडलं. पाच वेळा. प्रत्येक वेळी तिचे आठ आडवे येतात. माझे खोटे, पण तिने तर प्रामाणिकपणे मोजले आहेत. तिच्या मोजणीवर मी कशाला बोट ठेवू? — हे मी स्वतःला सांगतोय आणि मला पटत नाही. सरळ आहे: भ्यालो आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज उड्डाण. कामावर गेलो. उगवणीच्या एकाच ओल्या कागदातली रोपं दोनदा मोजली, दोन्ही वेळा वेगळी. पुष्पाबाईंनी कागद माझ्या पुढून ओढून घेतला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

‘काहीच न्हाई.’ सकाळी एवढाच मेसेज.

संध्याकाळी बोलली. पट्टीचाही अर्धा भाग तुटून गेला होता. ते काठावरच्या जाड बर्फावर उतरले. ‘पाच-सहा मोठे पक्षी उभे होते बाबा. पोटात मासे घेऊन आल्ते, पिल्लांना भरवायला. हाका मारून राह्यले होते. प्रत्येकाची हाक वेगळी राहते, पिल्लू ती बराबर ओळखतं. थांबायचे, ऐकायचे, पुन्हा मारायचे.’

तिने विचारलं, ‘बाबा, हाय का तुम्ही?’

आहे, म्हटलं.

१५ नोव्हेंबर

काही नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

हेलिकॉप्टर दुसऱ्या कामावर गेलं. पूर्वेच्या वसाहतीचं अकरावं वर्ष कोरं राहणार. ती पिल्लं आता कुणी तोलणार नाही, आणि पुढच्या महिन्यात ती पाण्यात उतरून निघून जातील. दहा माणसांनी दहा वर्षं केलेलं काम माझ्या नऊने तोडलं.

मोठ्या बाईंनी सव्वीस ऑक्टोबरचा फोटो तिसऱ्या माणसाला दिला. त्याचं शून्य. तृप्तीकडून लेखी खुलासा मागितला आहे. पुढचं वर्ष तिला ठेवतील की नाही, माहीत नाही.

ती मलाच समजावत होती! ‘तुम्ही टेन्शन नका घेऊ बाबा. सावल्यांनी दोघांना फसवलं. होतं असं.’

मला कुठल्या सावलीने फसवलं नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

गव्हाचा एक लॉट चौऱ्याऐंशी आला. लागतात पंच्याऐंशी. शेठ खाली आले नाहीत, कुणी काही म्हटलं नाही, तरी माझं पेन पाचाकडे वळलं. एक टक्का! चिठ्ठी फाडून नवी लिहिली, चौऱ्याऐंशी. पुष्पाबाईंचेही चौऱ्याऐंशी.

चहाला त्यांनी विचारलंच. ‘सर, तब्येत बरी न्हाई दिसून राह्यली. पोरीचं काही हाय का?’

सगळं सांगितलं. बाहेर एमआयडीसीच्या रस्त्यावर सळयांचे ट्रक जात होते, त्या आवाजात मोठ्याने सांगावं लागलं. खोटा आकडा दिला हे ओरडून सांगायला कसं वाटतं, ते मला आज कळलं.

त्यांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाल्या, ‘आधी तिला सांगा. ती तिकडं सोताच्या डोळ्याला कोसून राह्यली असंल. तेवढं तरी वाचवा तिचं.’

हे मला सुचलं नव्हतं. बापाला सुचायला हवं होतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

वाकडीचा फोटो आला, अगदी स्वच्छ. पाणी. मोजण्यासारखं काही नाही, तरी मी चौकटी पाडल्या.

३० नोव्हेंबर, रविवार

नऊ दिवस लावले, पण आज पाठवलं. इथे उतरवून ठेवतो, म्हणजे नंतर मला नाकारता येणार नाही.

‘तृप्ती, सव्वीस ऑक्टोबरला मी तीन वेळा मोजलं आणि तिन्ही वेळा शून्य आलं. सावल्या मला कळल्या होत्या. तरी नऊ लिहून पाठवला. तू गेल्या वर्षीसारखी होशील या भीतीने. उड्डाण ठरलं तेव्हाही मी गप्प राहिलो. तुझ्या आठमध्ये तुझी चूक नजरेची आहे, ती कुणाचीही होते. माझ्या नऊमध्ये नजरेची चूक नाही. हा मेसेज तुझ्या बाईंना दाखव. मीही त्यांना वेगळं लिहितो, इंग्रजी नीट करून घेतो. दुसरा मोजणारा म्हणून माझं नाव काढून टाक. तू जेव. बाबा.’

१ डिसेंबर

तिने वाचलं आहे. निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

२ डिसेंबर

उत्तर नाही. कामावर गेलो नाही. मागच्या खोलीत जाऊन तिच्या पलंगावर बसलो. तिथून भिंत फार जवळ आहे.

३ डिसेंबर, बुधवार

आलं.

‘बाबा, माझ्या चिठ्ठीवर पण शून्यच होतं. त्या दिवशी तुमचं शून्य आलं की फोन लावून तुमच्याजवळ रडणार होते, म्हणून वाट बघत बसले होते. तुमचा नऊ आला. लगेच कळलं, तुम्ही कामून लिहिला ते. तिसऱ्याकडं गेलं असतं तर तुमचं नाव खराब झालं असतं, म्हणून मी शून्य खोडून आठ केलं. उड्डाण ठरलं तेव्हाही तुमच्यासारखीच गप्प राह्यले, तुम्हाला बरं वाटावं म्हणून फोनवर हसत होते. बाईंना आज सगळं सांगितलं.’

सत्तावीस ऑक्टोबर ते आज. सदतीस दिवस ती एकटी होती.